विक्रेत्याचा शब्द आणि गिऱ्हाइकाची पारख



आजचा विषय थोडा रूक्ष वाटण्याचा संभव आहे. म्हणून आरंभी आमच्याच फजितीची एक हकीकत सांगतो. गेल्या वर्षी पिण्याचे पाणी भरून ठेवण्यासाठी आम्ही तांब्याची एक कळशी मागविली. मागविली म्हणजे तांबट आळीत जाऊन, चार दुकाने हिंडून आणली असे नव्हे. हल्लीच्या रीतीप्रमाणे घरी बसून, फोनच्या पडद्यावर चित्र पाहून मागविली. चित्राखाली ‘शुद्ध तांबे’ असे शब्द होते आणि त्यांच्याखाली शेकडो गिऱ्हाइकांचे अनुकूल अभिप्राय होते. कळशी आली, ती झळझळीत होती. आमच्या मातोश्रींनी ती हातात घेतली, बोटाने वाजवून पाहिली, आणि काही न बोलता शिवणाच्या डब्यातले लोहचुंबक आणून तिच्या पोटाला लावले. ते तेथेच चिकटून बसले! तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही हे आम्ही शाळेत शिकलो होतो. परंतु पैसे भरताना ते शिक्षण उपयोगी पडले नाही. कळशी लोखंडी पत्र्याची होती आणि तांबे म्हणून जे दिसत होते तो वरचा मुलामा होता.

कळशी आम्ही परत पाठविली आणि यथाकाल पैसेही परत मिळाले. तेव्हा हानी अशी काही झाली नाही. पण मनात एक प्रश्न राहिला. ज्याचे तोंड आपण पाहिले नाही, ज्याचे दुकान कोठे आहे हे आपणांस ठाऊक नाही, अशा माणसाच्या शब्दावर आपण विश्वास ठेवतो तो कशाच्या बळावर? आणि आपल्या आधीच्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडविला होता? या प्रश्नाचा इतिहास आम्ही चाळू लागलो, तेव्हा पहिल्याच पानावर पुन्हा तांबेच भेटले.

इराकमध्ये ऊर नावाचे प्राचीन नगर होते. १९२२ ते १९३४ या काळात लिओनार्ड वुली यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले. त्या नगरातील एक मातीची वीट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर कीलाकार लिपीत एक पत्र कोरलेले असून त्याचा काळ इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमाराचा मानतात. पत्र लिहिणाऱ्याचे नाव नन्नी आणि ज्याला लिहिले त्या तांब्याच्या व्यापाऱ्याचे नाव एआ-नासिर. हा व्यापारी दिल्मून, म्हणजे आजच्या बहारीनकडून तांबे आणीत असे. नन्नीची तक्रार थोडक्यात अशी : चांगल्या प्रतीचे तांबे देतो असे तू म्हणालास आणि माझ्या माणसापुढे हलक्या प्रतीच्या लगडी टाकल्यास, वर, घ्यायचे तर घ्या, नाहीतर चालते व्हा, अशी भाषा केलीस. माझी माणसे शत्रूच्या मुलखातून जाऊन रिकाम्या हातांनी परत आली. आता यापुढे मी माझ्याच अंगणात एकेक लगड निवडून घेईन आणि नापसंत असेल ती परत करीन.

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे हे पत्र वाचून कोणासही नन्नीविषयी आपलेपणा वाटावा. परंतु आम्हांस या हकीकतीत दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एआ-नासिरचे घर म्हणून जे ओळखले जाते तेथून त्याच्याविषयीच्या तक्रारींची आणखीही पत्रे सापडली आहेत. म्हणजे फसलेला नन्नी एकटाच नव्हता. पण ही सारी पत्रे होती कोठे? तर विक्रेत्याच्याच घरात! नन्नीच्या मागून जो कोणी तांबे घ्यावयास आला असेल, त्याला ती वाचावयास मिळण्याचा संभव नव्हता. तक्रार झाली होती, ती लेखी होती, पण पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत ती पोचली नव्हती. हा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा; शेवटी आम्हांस त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

विक्रेत्याच्या शब्दाची परीक्षा करण्याचे मार्ग मनुष्यजातीने फार शोधून काढले असे दिसत नाही. ते मुख्यत्वे तीन आहेत. पहिला मार्ग, माल स्वतः पारखून घेणे. दुसरा, शब्द खोटा ठरल्यास विक्रेत्याचे काहीतरी जाईल अशी तजवीज करणे. तिसरा, एकाला आलेला अनुभव दुसऱ्याच्या कानी घालणे. पारख, पण आणि वार्ता अशी त्यांना सुटसुटीत नावे देऊ.

समोरासमोरच्या बाजारात पहिला मार्ग पुरेसा होता. आपल्या गुरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी विकणाऱ्याचे वर्णन ऐकून घेतो, पण ऐकता ऐकता बैलाचे तोंड उघडून दात मोजतो. दोन दाती, चार दाती, जुळलेला, हे बैलाचे दात सांगतात. त्यासाठी मालकाची साक्ष लागत नाही. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत हे खरे, पण पैसे मोजून घ्यावयाच्या बैलाचे दात पाहिलेच पाहिजेत. कुंभाराकडचे मडके वाजवून घ्यावे, नारळ कानाशी हलवून घ्यावा, कापडाचा धागा ओढून पाहावा, ही विद्या आपल्या घराघरांत होती आणि ती कोणत्याही शाळेत शिकवीत नसत.

तथापि डोळ्यांना व बोटांना सर्व काही कळत नाही. मापात पाप असेल, रत्न खोटे असेल, तर सामान्य माणसाने काय करावे? येथे दुसरा मार्ग सुरू होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाजारावर देखरेख करणारा संस्थाध्यक्ष हा अधिकारी आहे. वजनेमापे तपासणे हे त्याचे काम. लाकूड, लोखंड, रत्ने, दोर, कातडे, वस्त्रे यांसारखा हलका माल उंची म्हणून विकणाऱ्यास किमतीच्या आठपट दंड सांगितला आहे. एका ठिकाणचा माल दुसऱ्या नामांकित ठिकाणचा म्हणून खपविणे हाही तेथे अपराध आहे. कोणताही आंबा देवगडचा म्हणून विकणारे आजच निर्माण झाले असे समजण्याचे कारण नाही! आठपट दंडाचे मर्म असे की, खोटे बोलून मिळणाऱ्या नफ्यापेक्षा पकडले गेल्यास होणारा तोटा पुष्कळ मोठा असला, तरच शब्दाला वजन येते.

राजाचा हात जेथे पोचत नाही, अशा दूरच्या व्यापारात पत उपयोगी पडली. कैरोजवळच्या फुस्तात येथील ज्यू प्रार्थनामंदिराच्या कोठीत जुन्या कागदपत्रांचा मोठा साठा सापडला. त्यात अकराव्या-बाराव्या शतकांतील व्यापाऱ्यांची पत्रे आहेत. त्यांतील काहींचा संबंध आपल्या पश्चिम किनाऱ्याशी, मंगळूरच्या व्यापाराशीही पोचतो. या व्यापाऱ्यांना आपला माल परमुलखातील अडत्याच्या हाती सोपवावा लागे. अडत्या कसा वागला हे पत्रापत्रांतून इतरांना कळे, आणि ज्याचे नाव खराब झाले त्याला पुढे काम मिळणे कठीण होई. आपल्याकडची हुंडी अशीच पतीवर चाले. कागदाचा तुकडा तो, पण पेढीचे नाव पाहून परगावचा सराफ त्यावर रोख रक्कम मोजून देई. ‘पत’ हा मराठी शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. उधार मिळण्याची लायकी आणि माणसाची अब्रू, हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत; कारण बाजारात त्या दोन गोष्टी निराळ्या नव्हत्याच.

एकोणिसाव्या शतकात छापखाना, आगगाडी आणि टपाल यांनी सगळेच बदलून टाकले. १८७२ साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने केवळ सूचिपत्रावरून खेड्यापाड्यांत माल विकावयास सुरुवात केली, आणि माल पसंत न पडल्यास पैसे परत अशी हमी १८७५ साली दिली. आपल्याकडे १८७७ साली टपालखात्याने व्ही.पी.ची पद्धत काढली. पोस्टमनने पार्सल आणावे, पैसे घ्यावे आणि ते विक्रेत्याकडे पाठवावे. मराठी घरांत व्ही.पी.ने आलेल्या पुस्तकांचा, घड्याळांचा आणि औषधांचा एक स्वतंत्र इतिहास लिहिता येईल. पण या पद्धतीत एक मेख होती. पैसे आधी द्यावयाचे आणि पार्सल मागून उघडावयाचे! शिवाय न मागविलेल्या वस्तूही लोकांच्या गळ्यात पडण्याचे भय होते. म्हणून १८९८ च्या टपाल कायद्यात, ही वस्तू खऱ्याखुऱ्या मागणीवरूनच पाठवीत आहोत असे निवेदन पाठविणाऱ्याकडून घेण्याची तरतूद करावी लागली. २०१० साली फ्लिपकार्टने घरपोच माल देऊन रोख पैसे घेण्याची सोय केली, तेव्हा ती अनेकांना नवीन वाटली. वास्तविक ती आपल्या व्ही.पी.चीच नात होती. पार्सल येण्याची हमी तिने दिली. पार्सलात काय आहे याची नव्हे.

छापील जाहिरातीच्या शब्दाला काही किंमत आहे काय, हा प्रश्न इंग्लंडात एका खटल्याने धसास लागला. १८९१ साली लंडनची एक कंपनी ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ नावाचे नाकाने हुंगावयाचे औषधी साधन विकीत होती. दिवसातून तीन वेळा याप्रमाणे दोन आठवडे ते वापरूनही इन्फ्लुएंझा झाल्यास शंभर पौंड देऊ, अशी तिची जाहिरात होती. आणि आपण खरे बोलत आहो हे दाखविण्यासाठी हजार पौंड बँकेत ठेवले आहेत असेही तीत म्हटले होते. श्रीमती कार्लिल यांनी ते साधन सांगितल्याप्रमाणे वापरले, आणि १८९२ च्या जानेवारीत त्यांना इन्फ्लुएंझा झाला. त्यांनी शंभर पौंड मागितले. कंपनी म्हणाली, जाहिरात ही नुसती बढाई असते, ती कोणी मनावर घेत नाही. अपील न्यायालयाने १८९२ च्या डिसेंबरात बाईंच्या बाजूने निकाल दिला. बँकेत पैसे ठेवल्याचे सांगता, तर ती बढाई कशी, असा न्यायाधीशांच्या म्हणण्याचा रोख होता. या निकालात आम्हांस बढाई आणि वचन यांतला भेद स्पष्ट दिसतो. ‘सर्वोत्तम’, ‘अद्वितीय’, ‘घराघरांत पसंत’ ही बढाई. अमुक वापरा, अमुक न घडल्यास अमुक देईन, हे वचन. बढाई मोजता येत नाही, म्हणून ती खोटीही ठरत नाही. वचन खोटे ठरू शकते, म्हणूनच त्याला किंमत आहे.

विक्रेत्याचा शब्द पारखता आला नाही तर नुकसान फक्त फसलेल्याचे होते, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे हे १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एका छोट्या निबंधात दाखवून दिले. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. पुढे २००१ साली या विचाराबद्दल त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे. मोटार चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा धोका धरून मधलीच किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या मोटारीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे राहतात त्यांत वाईट मोटारी अधिक. तेव्हा किंमत आणखी उतरते, आणि आणखी काही भले विक्रेते उठून जातात. अ‍ॅकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीस राहून गेले होते, आणि त्यांच्या निबंधात बाजारातून आणलेल्या तांदळातले, मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे वेचणारी भारतीय गृहिणी आली आहे. सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या आपल्या आया-आज्यांचे काम अर्थशास्त्राच्या एवढ्या मोठ्या सिद्धांताला साक्ष म्हणून उभे राहिले, ही गोष्ट आपण अभिमानाने नव्हे, पण विचारपूर्वक लक्षात ठेवावी. खडे मिसळणारा वाणी एका घराला फसवितोच. पण शेजारच्या प्रामाणिक वाण्यालाही तो हळूहळू उठवून लावतो. जे खरे पणाला लागलेले आहे ते हे.

आता या आपल्या नव्या बाजाराकडे वळू. १९९५ च्या सप्टेंबरात पिएर ओमिद्यार यांनी अमेरिकेत ऑनलाइन लिलावाची एक जागा उघडली. तीच पुढे ईबे झाली. तेथे पहिल्यांदा विकला गेलेला जिन्नस म्हणजे एक मोडका लेसर पॉइंटर, किंमत १४ डॉलर ८३ सेंट. तो मोडका आहे हे कळले ना, असे ओमिद्यारांनी घेणाऱ्यास विचारले, तेव्हा मोडके पॉइंटर जमविण्याचाच आपल्याला छंद आहे असे उत्तर मिळाले. विक्रेत्याने दोष सांगितला, गिऱ्हाइकाने जाणून घेतला. बाजाराची सुरुवात तर उत्तम झाली! पण हजारो अनोळखी माणसे एकमेकांशी व्यवहार करू लागली तेव्हा भांडणे आली. यावर १९९६ साली तोड निघाली ती अशी की, व्यवहार झाल्यावर दोघांनी एकमेकांविषयीचा अभिप्राय सर्वांना दिसेल अशा जागी नोंदवावा. नन्नीची वीट विक्रेत्याच्या घरातून निघून बाजाराच्या वेशीवर आली, ती येथे.

या वार्तेला किंमत आहे काय? संशोधकांनी एक प्रयोग करून पाहिला. एका नावाजलेल्या विक्रेत्याने सारख्याच जुन्या चित्रपत्रिका काही आपल्या नावाने व काही नव्या, अनोळखी नावांनी विकावयास ठेवल्या. जुन्या नावाला सुमारे आठ टक्के अधिक किंमत आली. हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. पत म्हणजे पैसा, हे आपल्या पेढीवाल्यांचे शहाणपण प्रयोगाने सिद्ध झाले म्हणावयाचे.

पण ज्या वस्तूला किंमत येते तिच्यात भेसळही येते. २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या एका पत्रकाराने आपल्या अंगणातील शेडला उपाहारगृहाचे नाव दिले, दाढीच्या साबणाच्या फेसाची वगैरे ‘पक्वान्ने’ मांडून छायाचित्रे काढली, आणि मित्रांकडून स्तुतिपर अभिप्राय लिहवून घेतले. सहा महिन्यांत, एका प्रसिद्ध प्रवासी सूचीत ते अस्तित्वात नसलेले उपाहारगृह लंडन शहरातील पहिल्या क्रमांकाचे ठरले! ही थट्टा होती. परंतु ज्यांचा धंदा आहे ते थट्टा करीत नाहीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हॉटेलांच्या दोन याद्या ताडून पाहिल्या होत्या. एकीत कोणालाही अभिप्राय लिहिता येई, दुसरीत ज्याने पैसे भरून खोली घेतली त्यालाच. जवळपास प्रतिस्पर्धी असलेल्या हॉटेलांची निंदा पहिल्या यादीत अधिक आढळली. फुकट मिळणारी लेखणी शेजाऱ्याविरुद्ध वापरली जाते, हाच त्याचा अर्थ.

खोटेपणाशिवाय आणखी एक दोष आहे, आणि तो तुमचा-आमचा आहे. ईबेच्या सुरुवातीच्या काळातील नोंदी तपासल्या तेव्हा गिऱ्हाइकांनी दिलेल्या अभिप्रायांपैकी शंभरात नव्व्याण्णव अनुकूल निघाले, आणि जवळजवळ अर्ध्या गिऱ्हाइकांनी काहीच लिहिले नव्हते. वाईट लिहिले तर तो आपल्याविषयी वाईट लिहील, हे भय त्यामागे होते. म्हणून २००८ साली विक्रेत्याने गिऱ्हाइकाविषयी प्रतिकूल लिहिण्याची सोय काढून टाकावी लागली. पण भय नसले तरी भीड असतेच. ‘जाऊ द्या, कशाला कोणाच्या पोटावर पाय आणा’ हे आपले नेहमीचे वाक्य. भीड ही भिकेची बहीण, असे आपलीच म्हण सांगते.

मग गिऱ्हाइकाने करावे काय? इतिहासातून निघणारी उत्तरे साधी आहेत. पहिले, शब्द निवडावेत. वर्णनातील बढाई सुपाने पाखडून टाकावी आणि खाली मोजता येणारे काय उरते ते पाहावे : वजन, माप, घटक, कोठे तयार झाले, परत घेण्याची मुदत किती. काहीच उरले नाही तर घेऊ नये. दुसरे, चुकल्यास विक्रेत्याचे काय जाईल हे विचारावे. पत्ता नाही, नाव कालचे, परत घेण्याची तयारी नाही. अशा माणसाचे काहीच जात नाही. तिसरे, साक्षीदार कोण आहेत ते पाहावे. एकाच आठवड्यात, एकाच शब्दांत शंभर जण स्तुती करू लागले तर ती वार्ता नव्हे, कवायत आहे. तीन-चार ताऱ्यांचे, काही गुण व काही दोष सांगणारे अभिप्राय आम्ही आधी वाचतो. ‘फक्त दहा मिनिटे शिल्लक’ अशी घाई जो करतो, त्याला आपण दात मोजू नयेत असे वाटते, एवढे समजावे. अशी खोटी निकड निर्माण करणे हे सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरविलेल्या तेरा प्रकारांपैकी एक आहे. चौथे, जेथे जिवाशी गाठ आहे तेथे अभिप्रायांवर मुळीच विसंबू नये. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन मोठ्या ऑनलाइन बाजारांवर कारवाई केली, ती सक्तीचे मानक न पाळणाऱ्या प्रेशर कुकरांबद्दल. एकावरून असे २,२६५ आणि दुसऱ्यावरून ५९८ कुकर विकले गेले होते. कुकरची शिट्टी छान वाजते हे शेजारीण सांगू शकेल. पण त्याची झडप कोणत्या दाबाला उघडेल हे प्रयोगशाळेनेच सांगावयाचे असते. म्हणून कुकरवर आयएसआय चिन्ह, सोन्यावर हॉलमार्क व त्याचा सहा अक्षरांचा क्रमांक, खाद्यपदार्थावर चौदा आकडी परवाना क्रमांक पाहावा, आणि क्रमांक पडताळण्याची सोय आहे तेथे तो पडताळावा.

कायदाही आता पुष्कळ पुढे आला आहे. पुण्यात १९७४ साली आणि मुंबईत १९७५ साली ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले, तेव्हा ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ साली आला आणि त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला. आता गिऱ्हाइकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार नेता येते. विक्रेत्याने गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहू नये, असे २०२० चे नियम सांगतात. १९१५ या क्रमांकावर फोन करून दाद मागता येते. पण ग्राहक पंचायतीचा खरा धडा कायद्याहून निराळा होता. दहा-वीस घरांनी एकत्र येऊन माल घ्यावा, वाटून घ्यावा, आणि खराब निघाल्यास सगळ्यांनी मिळून सांगावे, असा तो होता. एकट्याची पारख एकट्यापुरती राहू नये, हे त्याचे सार.

येथे आम्हांस पुन्हा त्या कळशीकडे यावे लागते. पैसे परत आले त्या दिवशी आम्ही मोठ्या समाधानाने मातोश्रींना ते सांगितले. त्यांनी विचारले, ‘चुंबकाचं तिथं लिहिलंस का?’ आम्ही लिहिले नव्हते. आमचे पैसे मिळाले होते. आमचा प्रश्न मिटला होता. त्या शेकडो स्तुतींच्या खाली दुसरे कोणी घर त्याच दिवशी तीच कळशी मागवीत असेल, हे आमच्या मनातही आले नव्हते. म्हणजे नन्नीने निदान वीट तरी लिहिली. आम्ही तेवढेही केले नाही, आणि जे सांगितले ते विक्रेत्याच्या घरीच ठेवून आलो.

त्या संध्याकाळी आम्ही दोन ओळी लिहिल्या : कळशीला लोहचुंबक चिकटते, सबब ती तांब्याची नाही. विशेषण एकही घातले नाही, शिवी तर नाहीच. ज्याला पडताळून पाहावयाचे असेल त्याच्या घरी चुंबक असेलच.